रेकॉर्डिंगची तयारी घरीच करायची
(मेळाव्यात भजनी व ओवी गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या काही गटांनी यंदा आपली भजनं आणि ओव्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचं ठरवलंय. फार चांगलं केलंत. देवळात तुम्ही वर्षानुवर्षं गाताय, तेव्हा गाणं तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण देवळात वेळेचे पैसे लागत नाहीत, स्टुडिओत लागतात. समजा, स्टुडिओवाला तासाला ६०० रुपये घेतो. "कुठलं कडवं आधी गं?" यावर दहा मिनिटं गेली की गटाचे १०० रुपये गेले. शिवाय त्या दिवशी प्रत्येकीचा रोज बुडतो, तो वेगळाच. म्हणून सगळं ठरवणं घरी, आणि तिथं फक्त गाणं.

सगळ्यात आधी पट्टी ठरवा. बहुतेक बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. पण ज्या आजींना सगळ्यात जास्त ओव्या पाठ आहेत, त्यांचा आवाज वयानं खाली उतरलेला असतो. तरण्या पोरींच्या पट्टीत गायला लावलं तर त्या ओढून ओढून गातात आणि दुसऱ्या गाण्यालाच घसा बसतो. त्यांना सोयीची पट्टी धरा. पोरींनी जरा खाली यावं. आजींच्या तोंडचं गाणं जपायचं म्हणून तर हा खर्च आपण करतोय. त्यांनाच मागं बसवलं तर काय उपयोग? ठरलेली पट्टी वहीत लिहा आणि मृदंग त्याच पट्टीत लावून घ्या.

दुसरी गोष्ट लांबी. देवळात एक अभंग पंधरा मिनिटं चालतो. रेकॉर्डिंगला पाच-सहा मिनिटं पुष्कळ झाली. कोणती कडवी घ्यायची, धृपद किती वेळा म्हणायचं, सुरुवात कोण करणार, शेवट कुणाच्या खुणेवर करायचा, हे कागदावर लिहा. तो कागद सगळ्यांना पाठ हवा. वाचता न येणारीला दुसरीनं तोंडी पाठ करून द्यावा.

तिसरी गोष्ट लय. आपण संथ सुरू करतो आणि रंगात आलो की पळायला लागतो. देवळात ते शोभतं, रेकॉर्डिंगमध्ये धाप लागल्यासारखं ऐकू येतं. मोबाइल मधोमध ठेवून सराव रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. तेव्हा चूक न सांगताच कळते, कुणाला बोल लावावा लागत नाही. निदान पंधरा दिवस असं करा.

ओवी गाणाऱ्या गटांना वेगळं सांगते. जात्यावरच्या ओवीला तबला-पेटी लागत नाही, तिची लय खुंट्यावरच्या हातात असते. सराव शक्यतो जात्यावर बसूनच करा. स्टुडिओवाला म्हणाला, "मागं जरा म्युझिक टाकू," तर हो म्हणायची घाई करू नका. तुम्हाला पसंत असेल तरच टाकू द्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायकांनी दळता दळता रचलेल्या त्या ओव्या आज लोक मुद्दाम शोधून ऐकतात. तेव्हा आपली ओवी काही कमी नाही.

स्टुडिओ ठरवताना आधीच विचारा: पैसे तासावर की गाण्यावर? आवाज नीट बसवून देण्याचे पैसे त्यातच की वेगळे? आत किती बायका बसतील? सगळ्या एकत्र गाणार की एकेकीचा आवाज वेगळा घेणार? एकत्र गायची सवय असेल तर तसं स्पष्ट सांगा. टाळाचा आवाज सगळ्यांवर चढतो, म्हणून टाळकरणींना लांब बसवतात किंवा टाळ मागून घेतात. त्यात राग मानायचा नाही.

त्या दिवशी काचेच्या बांगड्या आणि पैंजण काढून ठेवा, कारण माइकला सगळं ऐकू जातं. मोबाइल बंद. पंखाही बंद असेल, म्हणून सुती लुगडं किंवा साडी नेसा. प्यायला साधं पाणी न्या. कडवं संपल्यावर "झालं बाई!" म्हणायचं नाही. टाळेचा नाद पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं. चूक झाली तर घाबरू नका, पुन्हा घेता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे रेकॉर्डिंग कुणाचं? हे जाण्याआधी बैठकीत ठरवा आणि ठराव वहीत लिहा. खर्च गटाचा असेल तर रेकॉर्डिंगही गटाचं. कुणी कागद पुढं केला आणि त्यात "सर्व हक्क कायमचे" असं काही असेल, तर तिथं सही किंवा अंगठा देऊ नका. कागद घरी आणा, बैठकीत वाचा, जाणत्या माणसाला दाखवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्यालाही हक्क आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमचं गाणं रेकॉर्ड करून विकता येत नाही. तसंच आपणही दुसऱ्याचं घ्यायचं नाही. जनाबाईंचे, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या आजच्या संगीतकारानं लावलेली चाल त्याची असते. आपल्या गावची जुनी चाल घ्या, म्हणजे प्रश्नच नाही.

सगळ्या गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहून द्या. ओवी जिच्याकडून आली तिचंही नाव द्या, ती आज नसली तरी. उत्पन्न आलं तर वाटणी कशी, हेही आधीच लिहा. पैसा आल्यावर ठरवायला बसलं की भांडणं होतात, हे आपल्याला गटाच्या कारभारातून ठाऊक आहे. परत येताना पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगची मूळ प्रत मागून घ्या आणि एक प्रत महासंघाच्या कार्यालयात ठेवा.

हप्ता, ठराव, हिशेब हे सगळं तुम्ही चोख करता. गाण्यालाही तोच चोखपणा लावा. मग माइकपुढं बसल्यावर मनात दुसरं काही राहणार नाही, मोकळेपणानं गाता येईल.