कलावंतांचे उतारवय आणि श्रोत्यांचे कर्तव्य



आजच्या भाषणाचा विषय जरा नाजूक आहे. कलावंत वृद्ध झाला म्हणजे त्याने रंगमंच सोडावा की नाही, आणि सोडावयाचा नसेल तर त्याने तेथे कोणत्या रीतीने उभे राहावे, हा तो विषय होय. या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात देण्याची आपणांस मोठी हौस असते. कोणी म्हणतो, 'आता पूर्वीचे राहिले नाही, थांबावे हे बरे'. दुसरा म्हणतो, 'या वयातही केवढी ही उमेद!' या दोन्ही उद्गारांत एक समजूत गृहीत धरलेली असते. ती अशी की, म्हातारपणीची कला ही तरुणपणीच्या कलेची नक्कल असून ती किती साधली एवढेच पाहावयाचे. ही समजूत कितपत खरी आहे, हे काही थोर कलावंतांच्या उत्तरायुष्यावरून तपासून पाहू.

प्रथम एक घरगुती दृष्टांत घेतो. आमच्या मूर्तिजापूर जंक्शनावरून यवतमाळ व अचलपूर या बाजूंना 'शकुंतला' नावाची नॅरोगेज गाडी धावत असे. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले होते, आणि सुमारे सत्तर वर्षे सेवा करून १९९४ साली ते निवृत्त झाले. इंजिनाचे वार्धक्य मोजणे सोपे असते. पूर्वी किती डबे ओढीत होते आणि आता किती ओढते, एवढे पाहिले की झाले. इंजिनाला आपले काम बदलता येत नाही. म्हणून वयाबरोबर त्याच्या वाट्याला केवळ उणेपणा येतो. माणसाचे तसे आहे काय?

या संदर्भात महाराष्ट्रास पहिले स्मरण होते ते बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ च्या सुमारास ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. पुढे 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांनी त्यांनी दोन पिढ्यांना वेड लावले. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. परंतु काळ बदलला. बोलपट आला, स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या, मंडळीवर कर्जाचा बोजा वारंवार चढत गेला. १९३५ च्या 'धर्मात्मा' या बोलपटात त्यांनी एकनाथ महाराजांची भूमिका केली. पण प्रेक्षकांच्या अंतःकरणात भामिनी घर करून बसलेली! तेव्हा वयाची साठी जवळ आली, शरीर स्थूल झाले, तरी लुगडे नेसून तीच तरुण नायिका उभी करण्याचा प्रसंग त्यांच्यावर पुनःपुन्हा आला. स्वर मात्र गोडच होता. डोळे मिटून ऐकावे आणि डोळे उघडू नयेत, असे त्या काळचे वृद्ध रसिक सांगत असत. या सांगण्यात प्रेम आहे, तसेच क्रौर्यही आहे. ज्यांना बालगंधर्व 'मायबाप' म्हणून हात जोडीत, त्या मायबापांनी त्यांना वय वाढविण्याची परवानगीच दिली नाही! पुढे पाय अधू झाल्यावर ते बसून भजने गात. तेथे वेष नव्हता आणि वयाची लपवालपवही नव्हती. १९६२ साली पुण्यातील ज्या रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्या हस्ते झाले, ते १९६८ साली उघडले; तत्पूर्वीच, १९६७ साली, ते निवर्तले होते.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. गोमंतकातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची मैफल म्हणजे करारी शिस्तीचा नमुना. वयाची सत्तरी उलटल्यावर, १९६४ च्या सुमारास, आपला गळा आता पूर्वीसारखी आज्ञा पाळीत नाही असे दिसताच त्यांनी जाहीर गायन बंद केले. लोकांनी कितीही आर्जवे केली तरी निश्चय ढळला नाही. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी अमेरिकेने सोडलेल्या 'व्हॉयेजर' अंतराळयानांतून त्यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका पृथ्वीबाहेर निघाली होती. केसरबाईंचे मौन हेही एक प्रकारचे गायनच होते, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि सर्वांनी हाच मार्ग धरावा काय? तसे झाले असते तर आपण पुष्कळ गमावले असते.

कारण त्याच अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतील दुसरे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांची कथा निराळीच आहे. त्यांचा जन्म १९१० चा. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या खाँसाहेबांच्या दोन्ही पुत्रांकडे त्यांनी तालीम घेतली. परंतु लोकांचे लक्ष त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने वळले ते साठीच्या आसपास. 'पद्मश्री' १९७० साली, 'पद्मभूषण' १९७६ साली आणि 'पद्मविभूषण' १९९२ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी. देह किरकोळ, आवाजावर वयाची छाया. पण दुर्मिळ रागांची मांडणी अशी की, ऐकणाऱ्यास क्षणभरही वयाची आठवण होऊ नये. त्यांच्या गाण्यात तारुण्याची आतषबाजी नव्हती, म्हणून वार्धक्याने चोरून न्यावे असे फारसे काही उरलेच नव्हते. जे होते ते साठविलेले होते आणि साठवण वयाबरोबर वाढतच जाते.

गंगूबाई हनगल यांचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. त्यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर बारीक, कोवळा आवाज कानी पडतो. पुढे गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज गेला आणि त्याच्या जागी जाडाभरडा, जवळजवळ पुरुषी आवाज आला. दुसरे कोणी असते तर गेलेल्या आवाजाचा शोक करीत बसले असते. बाईंनी नव्या आवाजाशी संसार मांडला, त्याला शोभेल अशी गंभीर गायकी घडविली आणि २००६ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, अखेरची मैफल केली.

हा भेद आपल्याच देशात आहे असे नाही. पाश्चात्यांच्या 'रॉक' नामक गर्जनशील संगीतातही तो दिसतो. १९६२ साली निघालेल्या 'रोलिंग स्टोन्स' या मंडळीचे गायक मिक जॅगर हे २०२४ साली ऐंशी वर्षांचे असताना प्रचंड मैदानांतून नाचत-धावत आपली साठ वर्षांपूर्वीची गीते गात होते. आणि लोक ती जशीच्या तशी ऐकावयास येत. उलट १९४१ साली जन्मलेले बॉब डिलन आपल्याच गाजलेल्या गीतांच्या चाली अशा बदलून टाकतात की, कित्येकदा श्रोत्यांना गीत ओळखू येत नाही. पहिल्या ठिकाणी श्रोत्याला आपले तारुण्य परत मिळते. दुसऱ्या ठिकाणी त्याला कलावंताचे आजचे मन मिळते. पहिल्याची उमेद मी कमी लेखीत नाही. परंतु ती शरीराने साथ दिली तोवरची असते. दुसऱ्याला शरीराचे एवढे मिंधेपण नसते.

शेवटचे उदाहरण आपल्या वऱ्हाडचे. संत गाडगेबाबांचे बालपण आमच्याच तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी गेले. त्यांना कोणी गायक म्हणणार नाही. पण हजारोंचा समुदाय तासन् तास बांधून ठेवणारा त्यांच्यासारखा कीर्तनकार विरळा. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे त्यांनी अखेरचे कीर्तन केले, तेव्हा वय ऐंशी आणि प्रकृती खालावलेली. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. बाबा प्रश्न टाकीत आणि समुदाय उत्तर देई. निम्मे कीर्तन लोकांच्या तोंडचे! जो श्रोत्यांकडून केवळ टाळी मागतो त्याला ती एक दिवस कमी पडते. जो त्यांच्याकडून उत्तर मागतो त्याचे ओझे श्रोतेच उचलतात.

यावरून निष्कर्ष काय निघतो? वृद्ध कलावंत काल काय करीत होता हे विचारू नये. आज त्याच्यापाशी जे आहे त्याचा त्याने काय उपयोग केला, हे पाहावे. आणि तसा उपयोग करण्याची मोकळीक त्याला देणे श्रोत्यांच्या हाती असते. बालगंधर्वांच्या बाबतीत ती आपण दिली नाही.

ही गोष्ट केवळ थोरांपुरती नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून दंडारीत नाचलेले, भजनी मंडळांत पन्नास पावसाळे खंजिरी वाजविलेले, शाहिरीत घसा झिजविलेले किती वृद्ध आज ओट्यावर बसून आहेत! गणपतीत किंवा यात्रेत त्यांना बोलावतो तेव्हा आपण त्यांच्याकडून तीच जुनी उडी, तीच जुनी तान मागतो; ती चुकली की पोरे हसतात, आणि म्हातारा पुन्हा कधी येत नाही. पुष्कळांना पोटासाठी येणे भागच असते, हे तर अधिकच वाईट. माझी विनंती एवढीच की, अशा माणसास बोलवावे तेव्हा बसावयास चांगली जागा द्यावी, बिदागी आधी हातावर ठेवावी आणि फर्माईश न करता म्हणावे, 'बुवा, आज तुम्हाला जे म्हणावेसे वाटेल ते म्हणा.' मग जे ऐकावयास मिळेल ते कदाचित आवाजाने लहान असेल. पण ते त्याच्या साऱ्या आयुष्याचे असेल, आणि आणखी काही वर्षांनी ते कोणाकडूनही मिळणार नाही.