आखूड फेऱ्या आणि मोटारीची बॅटरी

श्रोतेहो, घर ते शाळा, शाळा ते बाजार, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या मोटारीची बॅटरी वारंवार का उतरते, ते आज पाहू.

गाडी सुरू होताना स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर वीज ओढतो. ही उसनवारी पुढे अल्टरनेटर फेडतो. पण दिवे, पंखा चालू ठेवून पाच मिनिटांतच गाडी थांबवली, तर थोडी बाकी राहते. अशी बाकी साचत गेली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटाचे खडे घट्ट बसतात, आणि बॅटरीची वीज धरण्याची शक्तीच घटते. मग अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला मिरजेला न्यायचे असते, नि गाडी नुसती टकटक करते!

तेव्हा आठवड्यातून एकदा सांगली-तासगाव किंवा सातारा-कोरेगाव एवढी सलग फेरी करावी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजून पाहावी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. निम्मी असेल तर चार्जर लावावा. त्या वेळी विडी-काडी दूर ठेवावी, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच घालावे, विहिरीचे नव्हे.

एवढे रविवारी उरका, म्हणजे सोमवारी शाळेची घंटा चुकणार नाही.