'सापाची लस' : उसनी घेतलेली प्रतिकारशक्ती

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



'शरीराची रोगप्रतिकारशक्ती' या विषयावर मी बोलावे अशी कार्यवाहांची सूचना आली, तेव्हा मला प्रथम आनंद झाला आणि मागोमाग थोडी धास्तीही वाटली. हा विषय फार विस्तीर्ण आहे. तो आरंभापासून सांगू लागलो तर जेवणाची वेळ टळेल आणि हाती फार थोडे लागेल. म्हणून मी या मोठ्या वाड्यात एकाच दाराने शिरणार आहे. ते दार आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात शेतात, गोठ्यात किंवा अंथरुणात होणारा सर्पदंश, हेच ते दार.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वैद्यकीय व्यवसाय नुकताच सुरू केला होता. भाद्रपदातील एका पहाटे पश्चिमेकडील डोंगराळ भागातील एका वाडीतून दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील घेऊन आले. मुलगा घरात जमिनीवर अंथरूण घालून झोपला होता. पहाटे पोट दुखते म्हणून उठला, एकदा वांती झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. मी पोट तपासले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. दोन तासांनी ते परत आले, तेव्हा मुलाच्या पापण्या उघडत नव्हत्या. हाक मारली की तो मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे पाहण्याचा प्रयत्न करी. त्याला मण्यार चावली होती. मण्यारीचे दात बारीक असतात. दंश पुष्कळदा दिसत नाही, दुखतही नाही, आणि पहाटेची पोटदुखी हेच तिचे पहिले लक्षण असू शकते. हे मी पुस्तकात वाचले होते, परंतु त्या पहाटे मला ते आठवले नाही. माझ्याकडे प्रतिविषही नव्हते. जीपमधून पुण्याला जाईपर्यंत हाताने फुगा दाबून त्याला श्वास द्यावा लागला. मुलगा वाचला, आज तो पन्नाशीत आहे. त्या दोन तासांचा हिशेब मात्र माझ्या खात्यावर आहे.

नंतर मला एक प्रश्न सतत पडत राहिला. निरोगी, धडधाकट मुलगा. शरीरात रक्षणासाठी एवढी मोठी फौज. ती फौज त्या रात्री काय करीत होती?

प्रथम त्या फौजेची ओळख करून घेऊ. त्वचा हा पहिला तट. तो फुटला की आत भक्षक पेशी सज्ज असतात. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभाच्या अंगात काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की तेथे जो पू होतो, तो अशाच लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग असतो. या पेशी त्वरित धावतात. पण आलेला शत्रू नेमका कोण, याची त्यांना बारकाईने पारख नसते.

पारख करणाऱ्या पेशी वेगळ्या. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी छातीतील थायमस ग्रंथीत जाऊन तयार होतात, त्या 'टी' पेशी. दुसऱ्या 'बी' पेशी. शरीरात कोट्यवधी 'बी' पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एका ठरावीक आकाराचा ग्राहक असतो. शत्रूचा तुकडा लसिका ग्रंथीत आणून दाखवला जातो. ज्या थोड्या पेशींशी तो जुळतो, त्यांनाच 'टी' पेशींच्या साहाय्याने वाढण्याचा हुकूम मिळतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढत जातात आणि प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. प्रतिपिंड हे दोन हातांचे प्रथिन असते. ते शत्रूला चिकटते व निकामी करते. लढाई संपल्यावर काही पेशी स्मृती घेऊन मागे राहतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला तर काम फार लवकर होते. लस म्हणजे या पेशींना शत्रूचे चित्र आधी दाखवून ठेवणे. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनीही त्या पेशींना असे चित्रच दाखवले होते.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. पहिल्यांदाच भेटणाऱ्या शत्रूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मण्यार किंवा नाग आपल्याला काही तासच देतो. त्या मुलाच्या पेशींनी कसूर केली नव्हती. त्यांना पुरेसा वेळच मिळाला नव्हता.

हा वेळ आणायचा कोठून? बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले, की धनुर्वाताच्या विषाची सवय करवलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला दिले तर तोही त्या विषापासून वाचतो. पुढे १८९४ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे फिझालिक्स व बेर्त्रां यांनी हेच सर्पविषाबाबत सिद्ध केले. आजही मार्ग मूलतः तोच आहे. घोड्याला विषाची अत्यल्प मात्रा देतात आणि ती काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. घोड्याच्या 'बी' पेशी आपले काम सावकाश, शांतपणे करतात. मग त्याचे रक्त काढून त्यातील रक्तजल वेगळे करतात. पुष्कळ ठिकाणी तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. रक्तजलातील प्रतिपिंडे शुद्ध करून, त्यांचे शेपूट छाटून केवळ दोन हात ठेवून, बाटलीत भरतात.

आपण त्या बाटलीला 'सापाची लस' म्हणतो. दवाखान्यातही तसेच म्हणतात, मीही आयुष्यभर म्हणत आलो. वस्तुतः ती लस नव्हे. लस आपल्या पेशींना शिकवते. ही बाटली कोणालाही काही शिकवत नाही. घोड्याने केलेले काम ती आपल्याला उसने देते. त्यामुळे ती आधीपासून टोचून ठेवून उपयोग नाही. घोड्याची प्रतिपिंडे काही दिवसांत शरीरातून निघून जातात आणि स्मृती मागे राहत नाही. 'मला मागे एकदा लस दिली होती, आता मला विष बाधत नाही', असे सांगणारे गृहस्थ मला एकाहून अधिक वेळा भेटले आहेत. त्यांना हे पटवणे सोपे नसते!

उसने घेतलेल्या या शक्तीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर मिळून चालते. म्हणून साप ओळखण्यासाठी तो मारून दवाखान्यात आणण्याचे कारण नाही. डॉक्टर रुग्णाच्या लक्षणांवरून निर्णय करतात. घोणशीचा संशय असला तर काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते का, एवढे पाहतात. मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते, हे निराळेच. दुसरे, मुलाला मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. तिसरे, प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला अडवते. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांची झालेली हानी ते भरून काढत नाही. त्यासाठी शरीराला दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. आणि चौथे, घोड्याचे प्रथिन आपल्या फौजेला परकेच वाटते. त्यामुळे एखाद्याला अंगावर गांधी उठतात, रक्तदाब उतरतो. अॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच प्रतिविष द्यावे, ते यासाठी.

एक दाखला शेतीचाच देतो. माणिकडोह, येडगाव, डिंभे अशा धरणांमुळे ऊस वाढला आणि उसात बिबट्याही स्थिरावला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, हे आपण जाणता. बिबट्याने किंवा पिसाळलेल्या कुत्र्याने जखम केली तर रेबीजचा धोका असतो, आणि तेथे दोन्ही उपाय एकत्र वापरतात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. मग तयार प्रतिपिंडे थेट जखमेत भरायची, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंवरून सावकाश चढतो, बहुधा त्याला आठवडे वा महिने लागतात. तेवढ्यात लसीने आपल्या पेशी तयार होतात. तोपर्यंतचे आठ-दहा दिवस जखमेतली उसनी प्रतिपिंडे पहारा देतात. पण काही जण पहिल्या सुईनंतर पुढच्या तारखांना फिरकत नाहीत, कारण जखम भरलेली दिसते.

पुन्हा सर्पदंशाकडे येऊ. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतले, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. आपल्या तालुक्यापुरते सांगायचे तर नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले आणि एकही मृत्यू होऊ नये हे ध्येय ठेवून गावोगाव प्रबोधन चालवले आहे. आमच्या तरुणपणी असे कोणी जवळ असते तर, असे मला पुष्कळदा वाटते.

रात्रीची वीज आली की पंप सुरू करायला अंधारात बांधावरून जाणारा शेतकरी, टोमॅटोच्या खुड्याला पहाटे वाकणारी बाई, पावसाळ्यात जमिनीवर झोपणारे मजूर, यांना मी इतकेच सांगत असतो: बॅटरी व बूट वापरा, खाटेवर किंवा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपा. दंश झाल्यास जखम चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. देवळात अंगारा लावायचा असेल तर तो परतताना लावा. आधी वेळ वाचवा.

शेवटी एक प्रसंग. हेच भाषण मी पूर्वी एका लहान मेळाव्यात केले होते, तेव्हा एका वयोवृद्ध श्रावकांनी उठून विचारले, "डॉक्टरसाहेब, आमचे प्राण वाचावेत म्हणून त्या मुक्या घोड्याने किती सोसायचे?" सभेत थोडी चुळबुळ झाली. मला मात्र प्रश्न अत्यंत रास्त वाटला. घोड्याला त्रास होत नाही, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते खरे नव्हे. टोचल्या जागी सूज येते, रक्त काढले जाते. किती रक्त काढावे, किती अंतराने काढावे, घोड्याची निगा कशी राखावी, याविषयी केंद्र सरकारच्या पशुप्रयोगविषयक समितीचे मार्गदर्शक नियम आहेत, ते मी सांगितले. साप मारून विष काढत नाहीत, हेही सांगितले. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या लोकांची १९७८ पासूनची सहकारी संस्था साप पकडते, विष काढते आणि साप पुन्हा सोडून देते.

घोड्यावाचून चालेल असा दिवसही येऊ शकेल. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये स्थापन झाली, तिच्या मुळाशी घोडेच होते. पूनावाला यांच्या अश्वशाळेतील निवृत्त घोडे रक्तजलासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. त्याच संस्थेचे रेबीजविरोधी प्रतिपिंड आज मिळते. ते पेशी वाढवून तयार करतात, त्याला घोडा लागत नाही. सर्पविषाबाबतही २०२४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह असे एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले. २०२५ मध्ये अमेरिकेतील टिम फ्रीडी नावाच्या गृहस्थांच्या रक्तातून आणखी प्रतिपिंडे मिळाली. त्यांनी सुमारे अठरा वर्षे स्वतःला सर्पविषाची वाढती मात्रा देऊन घेतली होती, म्हणजे घोड्याच्या जागी ते स्वतः उभे राहिले. (कोणीही अनुकरण करू नये, ते मरणाच्या दारातून परतले आहेत.) पण हे सारे अद्याप उंदरांवर सिद्ध झालेले आहे, आणि नाग-मण्यारीच्या कुळापुरते. घोणस व फुरशाला त्याचा उपयोग नाही. तूर्त आपला आधार घोडाच आहे.

त्या वृद्ध गृहस्थांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. बसण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले, "मग घोड्याने एवढे सोसून दिलेल्या त्या बाटल्या आपल्या दवाखान्यात आज किती आहेत, हे उद्या सकाळी जाऊन विचारा. मीही येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो.