माळ्यावरच्या चित्रफिती
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून ‘हे तर यंत्रातले काम, आपल्याला त्यात काय कळणार?’ असे कोणाच्या मनात आले असेल. परंतु घरातील ठेवणीच्या वस्तूंची निगा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच राखली आहे. शालूची घडी मोडून पुन्हा घालावयाची, लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू द्यावयाचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या व्हिडिओ कॅसेटी ही तशीच ठेवणीची वस्तू आहे.

१९८२ साली आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास व्हिडिओ यंत्रे घरोघरी दिसू लागली. पुढे लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण ह्यांचे चित्रण करण्याची रीतच पडली. त्या कॅसेटींत केवळ वधूवर नाहीत. पंगतीत आग्रह करणारी आजी आहे, मंगळागौरीला फुगडी घालणारी मावशी आहे, उखाणा घेताना अडखळलेली नवी सून आहे. जुन्या फोटोंत ह्या बायका बहुधा पदर सावरून गप्प बसलेल्या दिसतात. त्यांचा आवाज, त्यांची चाल, त्यांची हसण्याची तऱ्हा पुष्कळ घरांत ह्या फितींखेरीज दुसरीकडे कोठेही उरलेली नाही.

फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसविलेले असतात. आपल्या दमट हवेत हे द्रव्य पाणी शोषून घेते व सैल पडते; वर पांढरी बुरशीही धरते. दुसरी अडचण यंत्राची. व्हीएचएस पद्धत १९७६ साली जपानात निघाली आणि २०१६ च्या जुलैत तेथील फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे बंद केले. आता आहेत ती जुनी यंत्रेच, आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही थोडेच. चुंबकीय फितींसाठी २०२५ हे वर्ष शेवटची मुदत समजावी, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ सालीच दिला होता. तेवढ्याने धीर सोडावयाचे कारण नाही. कोरड्या जागी नीट ठेवलेल्या फिती अजून चालतात. मात्र आता चालढकल नको.

काम कसे करावयाचे ते थोडक्यात सांगते. प्रथम कॅसेट उजेडात धरून खिडकीतून पाहावी. बुरशी दिसली तर ती यंत्रात मुळीच घालू नये. फीत बिघडतेच, शिवाय तीच बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटीला लागते. ती जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. कॅसेटीच्या कडेवरील प्लास्टिकची लहान कपची मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. व्हीसीआर आणि संगणक ह्यांच्या मध्ये एक लहानशी डबी जोडतात. ती फितीवरील चित्राचे आकड्यांत रूपांतर करते. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, तेथे घाई चालत नाही. अमेरिकेतील नातलगांकडून आलेली कॅसेट असेल तर तसे आधी सांगावे. तिकडची पद्धत निराळी, आपल्याकडच्या प्रत्येक यंत्रावर ती चालेलच असे नाही.

काम दुकानात दिलेत तरी मूळ कॅसेट परत मागून घ्यावी व जपून ठेवावी. कित्येकींनी पूर्वीच सीडी किंवा डीव्हीडी करून घेतल्या आहेत. त्याही खराब होतात, तेव्हा त्यांतील चित्रण हार्ड डिस्कवर उतरवावे. प्रती निदान दोन असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे असावी. दसऱ्याच्या सुमारास शालू बाहेर काढतो, तसे वर्षातून एकदा ते चित्रण उघडून पाहावे.

पण भगिनींनो, इतके केले म्हणजे निम्मेच काम झाले. यंत्र चेहरा वाचवील, नाव वाचविणार नाही. ‘ही काठापदराच्या लुगड्यातली कोण?’ ह्या प्रश्नाचे उत्तर आज एखाद्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई देतील. त्यांच्यामागे कोणीही देऊ शकणार नाही. म्हणून वडीलधाऱ्या मंडळींना शेजारी बसवून चित्रण पाहावे आणि जवळ वही ठेवावी. किती मिनिटांनी कोण दिसते, तिचे माहेर कोणते, ती कोणते गाणे म्हणते, हे लिहून घ्यावे. एकाच बैठकीत सारे व्हावे असा आग्रह नको. गेलेले माणूस एकाएकी बोलू लागले की डोळे भरून येतात. तेव्हा चित्र थांबवावे, चहा करावा.

आणखी एक विनंती. घरच्या चित्रणात दुसऱ्यांचीही दुःखे असतात. मोडलेला संसार, गेलेले मूल, दुरावलेला भाऊ त्यांत हसताना दिसतो. म्हणून ज्याचे त्याला विचारल्यावाचून ते फोनवरून चारचौघांत पाठवू नये.

एक यंत्र प्रत्येकीने घेण्याचे कारण नाही. मंडळाने एक चालू व्हीसीआर मिळवून महिन्यातून दोन दुपारी सभागृहात ठेवला, तर शेजारपाजारच्या कॅसेटीही मार्गी लागतील. संगणक आपल्या मुली-सुना सांभाळतील आणि नावे आपल्या सासवा सांगतील. ह्या सूचनेचा कार्यकारिणीने विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.