माफीची यादी



दीक्षान्त समारंभाच्या व्यासपीठावरून तरुणांना राष्ट्राचे आधारस्तंभ म्हणून संबोधण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, तो पाळला नाही तर वक्त्याकडून काही कसूर झाली असे श्रोत्यांस वाटावे. तथापि शारीरिक शिक्षण विद्याशाखेच्या स्नातकांपुढे उभे असताना मला एका साध्या कागदाविषयी बोलणे अधिक अगत्याचे वाटते. हा कागद पुष्कळ शाळांच्या कचेरीत सापडतो, आणि त्यावर खेळाच्या तासातून ज्यांना माफी मिळाली आहे अशा मुलामुलींची नावे असतात. कोणी दृष्टिहीन, कोणाला सेरेब्रल पाल्सी, कोणाला डाउन सिंड्रोम, कोणाचा एक पाय आखूड. वैद्यकीय दाखला जोडलेला, पालकांचा अर्ज जोडलेला, मुख्याध्यापकांची मंजुरी घेतलेली. कागद म्हणून त्यात खोट काढता येत नाही. त्याचा परिणाम एवढाच की, वर्गातले सारे मैदानात उतरले म्हणजे ते मूल कडेच्या पायरीवर इतरांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखीत बसते, आणि दहा वर्षे असे बसल्यानंतर आपले शरीर ही केवळ वाहून नेण्याची वस्तू आहे अशी त्याची खात्री पटते. ज्याला आपण दया समजतो तिचे हे स्वरूप हद्दपारीहून फारसे निराळे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या माफीला शास्त्राने काय उत्तर दिले, ते सांगण्यासाठी मी अमेरिकेतील डेल उलरिक या प्राध्यापकांच्या कार्याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. इंडियाना आणि पुढे मिशिगन विद्यापीठात कायनेसिऑलॉजीचे, म्हणजे मानवी हालचालींच्या शास्त्राचे, अध्यापन करीत असताना त्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांचा प्रश्न हाती घेतला. ही बालके चालू लागतात, परंतु सामान्यतः दोन वर्षांच्या आसपास, म्हणजे इतर मुलांच्या मानाने सुमारे वर्षभर उशिरा. आणि हा विलंब निसर्गाने ठरविलेला आहे, त्यात मनुष्याने ढवळाढवळ करण्यात अर्थ नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती. उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसा चालता पट्टा, ट्रेडमिल, तयार करवून तो थेट कुटुंबांच्या घरी पोहोचविला. बाळ तीस सेकंद आधारावाचून बसू लागले की आई किंवा वडील त्याला काखेत धरून त्या पट्ट्यावर उभे करीत. पट्टा सेकंदाला वीस सेंटीमीटर एवढ्या मंद गतीने मागे सरके, आणि पायाखालची जमीन सरकते आहे असे जाणवताच बाळाचे पाय आपोआप पाऊल टाकू लागत. दररोज आठ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस; याहून अधिक काही नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, पट्ट्यावर सराव केलेली बालके तसा सराव न केलेल्या बालकांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली.

101 दिवस ही संख्या पदव्या आणि पदके मोजणाऱ्या जगाला क्षुल्लक वाटेल. परंतु रांगणाऱ्या जीवाला उभे राहून चालता येणे म्हणजे दरवाज्यापर्यंत जाता येणे, कपाटावरची वस्तू हाती येणे, कोणी हाक मारली असता त्याच्याकडे स्वतः जाता येणे, आणि या साऱ्यातून भाषा व ओळखीपाळखी वाढणे. त्या वयातील तीन महिन्यांची किंमत प्रौढांच्या पंचांगावरून ठरविता येत नाही. मला या संशोधनात त्याहूनही मोलाची वाटते ती त्याची वृत्ती. त्यात कोणताही चमत्कार नाही, महागडे औषध नाही. सर्वांनी गृहीत धरलेला एक विलंब खरोखर अटळ आहे काय, एवढी शंका आणि ती तडीस नेण्याची चिकाटी आहे.

याच प्राध्यापकांनी पुढे आठ ते पंधरा वर्षांच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना दुचाकी सायकल शिकविण्याचा प्रयोग केला. मागील चाकाच्या जागी एक रुंद रूळ बसवावयाचा, आणि मुलाचा तोल जसजसा सावरेल तसतसा अधिक निमुळता रूळ लावीत अखेर साधे चाक आणावयाचे, अशी त्या सायकलीची रचना होती. पाच दिवसांच्या शिकवणीनंतर 56 टक्के मुले सायकल चालवू लागली, आणि वर्षभरानंतर पाहता त्यांचा बसून राहण्याचा वेळ घटलेला आढळला. उरलेल्या 44 टक्क्यांना पाच दिवसांत जमले नाही, हेही त्या निबंधात नोंदविलेले आहे. यशाच्या कथा सांगण्याची चटक लागलेल्या आपल्या काळात या नोंदीचे मला विशेष अगत्य वाटते.

अशा प्रयोगांच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो कार्ल न्यूएल यांनी 1986 साली सुसूत्रपणे मांडला: कोणतीही हालचाल ही करणाऱ्याचे शरीर, करावयाचे काम आणि भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परव्यवहारातून उद्भवते. आपली परंपरागत कवायत पहिल्याच गोष्टीवर रेटा देते. शरीर बदला, नाही बदलले तर बाजूला बसा. वास्तविक शिक्षकाची मुखत्यारी उरलेल्या दोहोंवर अधिक चालते. चेंडू मोठा करता येतो, त्यात घुंगरू घालता येते, जाळी खाली घेता येते, अंतर कमी करता येते. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 साली योजलेला गोलबॉल हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. त्यात चेंडू वाजतो, प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे कोणाला थोडे दिसते व कोणाला मुळीच दिसत नाही हा भेदच उरत नाही, आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी मौन पाळावे असा दंडक आहे.

त्याच महायुद्धाच्या काळात, 1944 साली, इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल येथे नाझी राजवटीतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमान या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला आणि खेळ हा उपचाराचाच भाग केला; 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा तेथे भरली. त्या परंपरेतून उदयास आलेल्या पॅरालिम्पिकमध्ये, 1972 साली हायडेलबर्ग येथे, सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागण्यापूर्वी ते सैन्यातील मुष्टियोद्धे होते. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. पद्मश्री मिळण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले. आणि आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराकडे पाहावे. तेथील उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकविला. लाकडाचा स्पर्श आणि गुरूचा शब्द यांवर जेथे भागते, तेथे दृष्टीवाचून अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु स्नातकांनो, सहृदयता ही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. वैद्यकीय तपासणीवाचून त्यांना कोलांटउडी मारावयास लावणे हा उत्साह नसून अपराध होय. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्याला पुरेसा घाम येत नाही, म्हणून वैशाखातल्या दुपारी त्याला मैदानावर ठेवणे जिवावर बेतू शकते. हे ठाऊक असणे म्हणजेच आज आपल्या हाती पडलेल्या सनदेला अर्थ असणे.

2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांच्या कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि क्रीडेतील त्यांच्या सहभागाची तजवीज करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. कायदा मुंबईत वा दिल्लीत होतो. त्याचा अंमल मात्र तालुक्याच्या शाळेत, दुपारी साडेतीनच्या तासाला, तुमच्या शिट्टीवर व्हावयाचा आहे. म्हणून माझी एवढीच विनंती आहे: जेथे रुजू व्हाल तेथे पहिल्या आठवड्यातच ती माफीची यादी मागवून घ्या, त्यावरील प्रत्येक मुलाच्या घरी जा, त्याच्या डॉक्टरांना काय चालणार नाही ते विचारा आणि काय चालेल तेही विचारा, आणि वर्षअखेरीस त्या यादीत किती नावे उरली ते या विद्यापीठाला कळवा.