सभासदांची टीका आणि सभेचे नियम



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण म्हणाल तर ते कामगारांच्या सभांत झाले. या जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, शेकडो सभा आम्ही भरविल्या, काही मोडलेल्या पाहिल्या, आणि दोन-चार आमच्याच हातून मोडल्या. म्हणून आज सभेविषयीच चार शब्द बोलावे असे ठरविले आहे. प्रश्न साधा आहे. संस्थेचा सभासद उठून ‘तुमचे हे चुकले’ असे म्हणतो, तेव्हा त्याने कसे बोलावे, आणि संस्थेने कसे ऐकावे?

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी जिनातल्या कामगारांची वार्षिक सभा होती. अध्यक्षस्थानी आम्हीच होतो. सभा संपत आली असता कपाशीच्या कामावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आमच्या वर्गणीचा हिशोब कोनी सांगीन का नाही?” हिशोब चोख आहे अशी आमची खात्री होती. वही समोरच्या पेटीत होती. ती काढून वाचायला पाच मिनिटे पुरली असती. पण वही न काढता आम्ही विचारले, “बाई, तुम्हाला हे कोणी शिकवून पाठविले?” सभा हसली. बाई खाली बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी वर्गणी दिली नाही, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अकरा जणींनीही दिली नाही. मालकाला वर्षभर खटपट करून जे साधले नसते, ते आम्ही एका वाक्यात करून दाखविले.

प्रश्नाला उत्तर न देता प्रश्न करणाराला उत्तर द्यावयाचे, ही खोड आमची एकट्याची नव्हे. आपल्या बुलढाण्याला तिची जुनी ओळख आहे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजला आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर आग पाखडण्यात आली. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, एवढाच त्यांचा सवाल. त्याचा जबाब मिळाला नाही, निंदा मात्र पुष्कळ झाली, आणि ती करणारांत सुधारकही होते. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही. आणि जे होते तेही विस्मृतीत गेले, ते १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा लोकांपुढे आले. एका प्रश्नाला उत्तर न देण्याची किंमत समाजाने अशी त्र्याण्णव वर्षे मोजली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच प्रांतात आहे. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरविली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. एकशेतीस वर्षांहून अधिक काळापूर्वीची ही गोष्ट आहे! त्याच वर्षी १० जून रोजी रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. ज्या सभेत बोलायला जागा असते, त्या सभेच्या मागणीला वजन येते, असा बोध आम्ही यातून घेतो.

आता कोणी म्हणतील, मग बोलू द्या सर्वांना, नियम कशाला? नियम केले म्हणजे टीकेचा गळाच दाबला जाईल. आमचा अनुभव उलट आहे. ज्या सभेला नियम नसतो तिच्यावर राज्य चालते ते मोठ्या आवाजाचे. दांडगा माणूस नियमावाचूनही बोलतो. नियमाची गरज असते ती हळू आवाजाच्या माणसाला.

ही काही पश्चिमेकडून आलेली कल्पना नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, सभेच्या कामकाजाचे नियम भिक्षुसंघांना ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सर्व त्यांच्याकडे होते. निकाल लागलेला विषय पुन्हा उकरून काढू नये, हा नियमही होता. त्या संघांची एक प्रथा आम्हाला विशेष मोलाची वाटते. वर्षावासाचे तीन महिने संपले म्हणजे पवारणा होई. तीत प्रत्येक भिक्षू, आणि सर्वांत आधी ज्येष्ठ भिक्षू, संघाला विनंती करी की, माझे काही चुकलेले आपण पाहिले, ऐकले किंवा आपल्याला तसा संशय आला असेल, तर मला सांगा. टीका करणारालाही बंधने होती. योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे, आणि मनात द्वेष ठेवून बोलू नये. पाहा, टीकेचे आमंत्रण वडीलधाऱ्याने आधी द्यावयाचे! आमच्या संघटनांत वडीलधारे सर्वांत आधी रागावतात.

दुसरा धडा गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावचा. त्या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत पाडली आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट ठेवला. अभ्यासगटात विषयाची मोकळी चर्चा व्हावयाची, निर्णय ग्रामसभेत. चर्चेत हरण्याजिंकण्याचा प्रश्न नसला म्हणजे माणूस आपले मत सहज बदलतो.

कायद्यानेही काही वाट दाखविली आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. कारण उघड आहे. सासरा आणि दीर पुढे बसले असता सून पाण्याच्या नळाविषयीदेखील बोलत नाही. कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्याने नोंदणीसाठी ज्या अटी घातल्या होत्या, त्यांत सभासदांना हिशोबाच्या वह्या पाहण्याची सोय असावी, ही एक होती. म्हणजे त्या बाईंनी आमच्याकडे उपकार मागितला नव्हता, हक्क मागितला होता.

त्या प्रसंगानंतर आम्ही सभासदांपुढे पाच नियम ठेवले. त्यांनी ते दुरुस्त करून मंजूर केले.

पहिला, हिशोब आधी, भाषणे मागून. दुसरा, तक्रारींचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वरती. बहुतेक सभांत तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत दडपलेला असतो, आणि तोवर बायांची शेवटची एस. टी. निघून जाण्याची वेळ झालेली असते. तिसरा, बोलणाराने कृतीवर बोलावे, माणसावर नव्हे. कोणत्या दिवशी, कोणते काम, किती रक्कम, हे सांगावे. जात, घर, आईबाप यांचा उच्चार झाला की अध्यक्षांनी थांबवावे, मग बोलणारा कोणीही असो. चौथा, ज्याच्या कामावर टीका आहे त्याने त्या विषयापुरते अध्यक्षस्थान सोडावे, सर्व ऐकून घ्यावे, आणि मग एकदाच उत्तर द्यावे. पाचवा, प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहावीत. लगेच उत्तर नसेल तर पुढच्या सभेत सर्वांत आधी ते द्यावे. ज्याला उभे राहून बोलवत नाही त्याने चिठ्ठी द्यावी किंवा आदल्या दिवशीच्या स्त्रियांच्या बैठकीत सांगावे. त्याचे नाव विचारू नये.

हे नियम केले म्हणून भांडणे थांबली असे नाही. एक गृहस्थ तीन सभा लागोपाठ एकच तक्रार घेऊन उभे राहिले. तेव्हा नवे काही पुढे आल्याशिवाय निकाली विषय वर्षभर पुन्हा घेऊ नये, असे सभेनेच ठरविले. भिक्षुसंघाचा नियम आमच्या कामी आला तो असा. आणि चौथा नियम पाळताना आमच्याच जिवावर येते, हेही कबूल केले पाहिजे. खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसावयाचे आणि वीस मिनिटे मान खाली घालून ऐकावयाचे, ही साधी गोष्ट नाही. पण जो नियम करणाराला बोचत नाही, तो नियम दुसऱ्यासाठी केलेला असतो.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो, चुकलो म्हणून सांगितले, आणि महिनेवार हिशोब वाचून दाखविला. त्यांना अक्षरओळख नव्हती. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. “थांबा भाऊ. त्या महिन्यात जिन बंद होतं. मंग वर्गणी आली कुठून?” पाहतो तो मागील महिन्याची रक्कम दोन वेळा चढविलेली! चोरी नव्हती, चूक होती. पण दोन तपासण्यांतून सुटलेली ती चूक एका निरक्षर बाईने बसल्या जागी पकडली. आमचा चोख हिशोब चोख नव्हता, आणि हे सांगणारे एकमेव माणूस आम्ही भर सभेत हसण्यावारी नेले होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपली पतपेढी असो, ग्रामसभा असो, शाळेची पालकसभा असो की वाचनालयाची वार्षिक सभा असो, टीका करणारा सभासद हा संस्थेचा फुकटचा हिशोबनीस आहे. त्याला बसायला जागा, बोलायला वेळ आणि ऐकायला उत्तर मिळाले पाहिजे.

आता आपण बोलावे. चुकले असेल ते सांगावे. आम्ही खाली येऊन बसतो.