नैनितालचे तळे आणि दोन दिवसांचा पाहुणा



शनिवार-रविवारला एखादी सुटी जोडून थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची प्रथा आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. शाळांच्या सहली, नोकरदारांना मिळणारी प्रवास सवलत आणि सुधारलेले रस्ते यांमुळे तालुक्याच्या गावातील कुटुंबेही हिमालयाच्या पायऱ्या चढू लागली आहेत. या पायऱ्यांपैकी एक म्हणजे उत्तराखंडाच्या कुमाऊँ विभागातील नैनिताल. दिल्लीपासून अंतर सुमारे ३०० किलोमीटर. आगगाडी काठगोदामपर्यंत जाते आणि तेथून पस्तीसेक किलोमीटरचा घाट चढून गेले की एका वळणावर अकस्मात पाणी दिसते.

समुद्रसपाटीपासून १,९३८ मीटर उंचीवर, तिन्ही बाजूंनी डोंगरांनी कवेत घेतलेले हे तळे जवळजवळ दीड किलोमीटर लांब आहे. सर्वात खोल जागी त्याची खोली सुमारे २७ मीटर भरते. नऊ मजल्यांची इमारत त्यात उभी बुडेल. तळ्याच्या खालच्या टोकाची वस्ती ती तल्लीताल, वरच्या टोकाची ती मल्लीताल. आपल्याकडे खालची आळी, वरची आळी म्हणावे तसेच हे. दोहोंना जोडणारा रस्ता म्हणजे प्रसिद्ध माल रोड. समोरच्या काठाने, आयारपाट्याच्या सावलीतून जाणारी पायवाट ‘ठंडी सडक’ म्हणून ओळखली जाते. माल रोडवरील गर्दी नकोशी झालेल्याने तिकडे वळावे, हे उत्तम.

शनिवारी पाहुणा नावेत बसतो, नयनादेवीचे दर्शन घेतो आणि सायंकाळी बाजारातून मेणबत्त्या खरेदी करतो. रविवारी रज्जुमार्गाने स्नो व्ह्यूवर जाऊन, आकाश निरभ्र असल्यास, नंदादेवीची हिमशिखरे पाहतो आणि दुपारी घाट उतरू लागतो. हे सर्व आनंददायक आहेच. परंतु ज्या पाण्यावर त्याने नाव चालविली, त्याच पाण्यावर हे शहर आपली तहान भागविते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. काठावर खोदलेल्या विहिरींत तळ्याचे पाणी वाळू-खडीतून गाळले जाऊन झिरपते व तेथून ते नळांना पुरविले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ४१,३७७ होती. हंगामात त्यांच्याच नळावर पाहुण्यांचाही भार पडतो.

या तळ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न जुना आहे. स्कंदपुराणाच्या मानसखंडात अत्रि, पुलस्त्य व पुलह या तीन ऋषींनी येथे मानससरोवराचे पाणी आणल्याची कथा आहे. आसपासच्या गावकऱ्यांना हे स्थान पवित्र होते. १८४१ साली शहाजहानपूरचा बॅरन नावाचा साखरेचा इंग्रज व्यापारी येथे आला आणि त्याने वृत्तपत्रातून या स्थळाची वाखाणणी केली. पुढे त्याने तळ्यात होडी आणली. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या थोकदारास त्या होडीत बसवून मध्यभागी नेले आणि बुडविण्याची धमकी देऊन हक्कसोडीवर सही घेतली, अशी कथा सांगतात. पर्यटनस्थळाचा असा प्रारंभ प्रवासी पुस्तिकांतून सहसा आढळत नाही!

त्यानंतर चाळीस वर्षे पुरी व्हायच्या आत डोंगराने आपले म्हणणे मांडले. १८८० च्या सप्टेंबरात दोन दिवस पाऊस अखंड कोसळत होता. शनिवार, दिनांक १८ रोजी सकाळी ‘शेर का डांडा’ या डोंगराचा एक भाग व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे घसरला. गाडलेल्यांना काढण्यासाठी शिपाई, मजूर, अधिकारी धावून आले. ते कामात असतानाच दुपारी दीडच्या सुमारास वरचा सगळा उतार खाली आला आणि काही क्षणांत हॉटेल, देवीचे जुने मंदिर व मदतीस आलेली माणसे यांना घेऊन गेला. १५१ जण मृत्युमुखी पडले; त्यांपैकी १०८ भारतीय होते. आज मुले ज्या ‘फ्लॅट्स’ नावाच्या मैदानावर क्रिकेट खेळतात, ते मैदान याच दरडीच्या मातीने विस्तारलेले आहे. १८९८ साली तल्लीतालखाली बलिया नाल्याच्या उतारावर पुन्हा दरड कोसळून २८ जण दगावले.

या आपत्तीनंतर डोंगरावर दगडी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. पावसाचे पाणी मातीत मुरून उतार ढिला होऊ नये, ते थेट तळ्यात उतरावे, हा त्यामागील हेतू. शहर आजवर उभे आहे ते फार मोठ्या अंशी या नाल्यांच्या आधारावर. त्यांत बांधकामाचा राडारोडा व प्लॅस्टिक अडकले की पाणी वाट सोडून उतारात शिरते. जे अडकत नाही ते तळ्यात जाऊन गाळ होते. ज्याने गावतळ्याचा गाळ उपसला आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये खालच्या माल रोडचा एक तुकडाच तळ्यात खचला.

तळ्याच्या वरच्या अंगास सूखाताल नावाची एक खोलगट जागा आहे. पावसाळ्यात ती भरते आणि पुढे आटते, म्हणून हे नाव. पाहुण्याला तेथे पाहण्यासारखे काही दिसत नाही. मात्र तेथे साठलेले पाणी खडकांतून हळूहळू झिरपत नैनितालच्या तळ्यास मिळते आणि पाऊस नसलेल्या महिन्यांत त्याला धरून ठेवते. अशा जागेत राडारोडा टाकला गेला, कडेने घरे उठली. तळ व काठ बांधून तिचे सुशोभीकरण करण्याचा प्रश्न २०२२ साली उच्च न्यायालयापुढे होता. तोटी बंद करून मडके रंगविण्यासारखाच हा प्रकार म्हणावा लागेल.

२०१६ व २०१७ च्या उन्हाळ्यांत तळ्याच्या मोजपट्टीवरील पातळी शून्यावर आली. शून्य म्हणजे तळे कोरडे नव्हे. ती मोजण्याची एक खूण आहे. तरीही काठाची उघडी पडलेली चिखलट जमीन पाहून स्थानिक लोक हवालदिल झाले. पाण्याच्या गुणवत्तेची चिंता तर आधीपासून होती. सांडपाण्याने शेवाळ माजून तळाजवळचा प्राणवायू संपत असे व मासे मरत. म्हणून २००७ पासून यंत्रांनी तळाशी हवा सोडण्यात येऊ लागली. तळ्यालाही श्वास द्यावा लागतो, हे शिक्षकांनी सहलीतील मुलांना अवश्य दाखवावे. पृष्ठभागावर येणारे बुडबुडे काठावरून दिसतात.

गर्दीच्या दिवसांत प्रशासन मोटारी शहराबाहेर थांबवून लोकांना छोट्या बसने आत नेते. त्यावर पाहुणे रागावतात. पण या उतारांवर आणखी वाहनतळ खोदण्याऐवजी पाव तास वाट पाहणे स्वस्त आहे. हॉटेलात बादलीभर पाण्यात स्नान आटोपणे आणि बाटल्या परत घरी नेणे यांस तर काहीच पडत नाही.

रविवारी दुपारी परतीची बस तल्लीतालच्या स्थानकातून सुटते. तेथेच तळ्याची दारे आहेत. पावसाळ्यात ती उघडली की पाणी बलिया नाल्यात उतरते. या नाल्याचे काठ अजूनही ढासळत आहेत आणि अलीकडच्या वर्षांत तेथील वस्ती हलवावी लागली आहे. पुढे नाला गौला नदीस मिळतो, आणि ती नदी काठगोदाम व हल्द्वानी या मैदानाच्या तोंडावरील गावांजवळून वाहत जाते. पाहुण्याची गाडीही तेथूनच निघते.